अख्ख्या शहराला ऊब किती लागते?

मागच्या अंकात थंड प्रदेशातल्या शहरांचं हीटिंग आणि त्याचा हिशोब यावर एक पान लिहिलं होतं. लिहिताना वाटत होतं की एवढा रुक्ष विषय वाचणार कोण, झालं उलटंच, ढिगाने प्रश्न आलेत आणि त्यातले निम्मे माझ्यापेक्षा हुशार लोकांचे आहेत. सगळे घेता येत नाहीत, काही कापून छोटे केलेत, नावं मुद्दाम टाकली नाहीत. एकाने पत्रभर मला 'सर' म्हटलंय, चालेल, पण मी ताईच बरी.

प्रश्न : ताई, एका घराला हिवाळ्यात किती ऊर्जा लागते हे काढता येत असेल, पण लाखभर इमारतींचं कसं काढतात? घरोघरी जाऊन मोजत तर नसणार. (सिव्हिलची विद्यार्थिनी)

घरोघरी कुणी जात नाही, आणि गेलं तरी दारात उभं कोण करणार! आधी एकाच घराचं बघू, सगळं गणित तिथेच आहे. घर गरम ठेवायचं म्हणजे जेवढी उष्णता बाहेर गळते तेवढी परत आत भरायची, भोक पडलेली बादली भरलेली ठेवायला नळ चालू ठेवावा लागतो तसं. गळती दोन वाटांनी होते, एक भिंती-छप्पर-खिडक्या-जमीन यांच्यातून, दुसरी फटींतून आणि उघड्या खिडक्यांतून आत-बाहेर करणाऱ्या हवेतून. वर थोडी भर फुकटात पडते, काचेतून येणारं ऊन, माणसांच्या अंगाची ऊब, दिवे, फ्रिज, स्वयंपाक. गळतीतून ही फुकटची भर वजा केली की जे उरतं ते हीटिंगने द्यायचं.

आता आकडे. एक चौरस मीटर भिंत आणि आत-बाहेर एक डिग्रीचा फरक, एवढ्यावर किती वॅट निसटतात त्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) नसलेल्या जुन्या भरीव विटांच्या भिंतीची साधारण २ धरा, एकेरी काचेच्या खिडकीची ५ च्या आसपास, चांगल्या तिहेरी काचेची ०.८. हवामान येतं डिग्री-डे मधून, म्हणजे दिवसाचं सरासरी तापमान ठरलेल्या पातळीच्या जितकं खाली तितके अंक लिहायचे आणि वर्षभराची बेरीज करायची. समजा बेरीज आली २५०० आणि भिंत आहे १०० चौरस मीटर, तर २ गुणिले १०० गुणिले २५०० गुणिले २४ तास, भागिले १०००, झाले १२,००० किलोवॅट-अवर, म्हणजे रोजच्या बोलीत १२,००० युनिट, आणि हे नुसत्या भिंतीतून. त्याच भिंतीला इन्सुलेशन करून यू-व्हॅल्यू ०.३ वर आणली की १,८००. चिठोऱ्यावर मावणारं गणित आहे.

शहरासाठी हेच लाखभर वेळा करायचं, पण प्रत्येक भिंत बघता येत नाही म्हणून शितावरून भाताची परीक्षा. इमारतींचे नमुने पाडतात, प्रकारावरून (सुटं घर, रांगेतलं घर, छोटी अपार्टमेंट, मोठा ब्लॉक) आणि बांधकामाच्या काळावरून. युरोपात २००९ ते २०१२ मध्ये टॅब्युला नावाचा प्रकल्प झाला, त्यात देशोदेशीच्या घरांचे असे तक्ते करून ठेवलेत, अमुक काळातल्या रांगेतल्या घराची भिंत कशी, छप्पर कसं, खिडकी कशी. नकाशातल्या प्रत्येक इमारतीला तिच्या जवळचा नमुना चिकटवायचा, आकार मात्र तिचा स्वतःचा घ्यायचा. बोस्टनचं असं मॉडेल एमआयटीच्या लोकांनी केलं, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं, ८३,५४१ इमारती आणि प्रत्येकीचा तासातासाचा हिशोब.

प्रश्न : मी जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशांचं काम) काम करतो. आमच्याकडे इमारतींचे फूटप्रिंट (जमिनीवरचे आकार) आहेत, लिडारवरून (लेझरच्या मोजणीवरून) उंची आहे, पण बांधकामाचं साल निम्म्याच इमारतींचं मिळतंय. एवढ्यावर मॉडेल उभं राहील का?

राहील. पण आधी माझी फजिती ऐका, कारण तुम्ही फूटप्रिंट म्हणालात. माझ्या पहिल्या मॉडेलात जुन्या भागातली रांगेतली घरं होती, भिंतीला भिंत लागलेली. नकाशा रेखाटताना दोन घरांच्या मध्ये कुठे पाच कुठे दहा सेंटीमीटरची फट राहिली होती, प्रत्यक्षात तिथे सुईसुद्धा जात नाही, पण सॉफ्टवेअरला वाटलं मधून वारा वाहतोय. झालं, सगळ्या सामायिक भिंती बाहेरच्या धरल्या गेल्या आणि दोन्हीकडून शेजार असलेली, म्हणजे खरं तर सगळ्यात उबदार घरं कागदावर कुडकुडायला लागली. मी तीन आठवडे हवामानाच्या फाइलला दोष देत बसले होते. तेव्हा पहिलं काम, एकमेकांपासून अर्ध्या मीटरच्या आतले कोपरे जोडून घ्या आणि सामायिक भिंती वजा होतायत ना ते दहावीस घरं डोळ्यांनी बघून तपासा.

दुसरी गोची क्षेत्रफळाची. फूटप्रिंट गुणिले मजले केलं की त्यात भिंतींची जाडी आली, जिने आले, तळघर आलं, पोटमाळा आला, आणि यातलं गरम किती करतात ते कुणालाच माहीत नसतं. कार्पेट की बिल्टअप हा वाद इथेही आहेच. लोक छपराचा उतार नकाशात नेमका यावा म्हणून खूप खर्च करतात, नुसता ठोकळा न ठेवता त्यावर खरा छपराचा आकार बसवतात, छान दिसतं, पण माझं मत विचाराल तर उताराच्या डिग्र्या मोजण्यापेक्षा पोटमाळ्यात कुणी राहतं का हे कळणं जास्त मोलाचं.

सालाचं म्हणाल तर एक सोपी गोष्ट लक्षात घ्या, सगळी सालं सारखी महत्त्वाची नसतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर बऱ्याच देशांनी नियम कडक केले, जर्मनीत ऊर्जा वाचवण्यासाठी इमारतींना इन्सुलेशनचा पहिला नियम १९७७ मध्ये आला. म्हणजे तिथलं घर १९५५ चं की १९६० चं याने मॉडेलात फारसं बिघडत नाही, पण १९७५ चं की १९८५ चं याने भिंतच बदलते. तर तुमच्याकडचे नियम कधी बदलले ती वर्षं आधी काढा आणि त्या सीमेवरच्या इमारतींचीच सालं शोधायला वेळ घाला. बाकीच्यांची आजूबाजूच्या इमारतींवरून भरा, एका आळीतली घरं बहुधा एकाच वेळी उठलेली असतात.

आणि साल मिळालं तरी ते जन्माचं साल, मधल्या काळात खिडक्या बदलल्या का, बाहेरून इन्सुलेशन लावलं का याची नोंद कुठेच नसते. मग करतात काय, तर सर्वेक्षणातून कळलं की या काळातल्या घरांपैकी समजा ३० टक्क्यांनी खिडक्या बदलल्यात, तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी ३० टक्के घरं निवडायची आणि त्यांना नव्या खिडक्या द्यायच्या. कुठली घरं निवडली गेली ते साफ चुकीचं असतं, पण आळीची बेरीज जमते. यातलं गणित मला फार आवडतं. एकेका घराचा अंदाज ४० टक्क्यांनी इकडेतिकडे गेला आणि त्या चुकांचा एकमेकींशी संबंध नसला, तर तेवढ्याच आकाराच्या दहा हजार घरांच्या बेरजेत चूक उरते ०.४ टक्के. वर गेलेले आणि खाली गेलेले एकमेकांना खाऊन टाकतात. पण सगळ्यांची चूक एकाच दिशेला असेल तर लाख घरं घ्या की दहा लाख, ती जशीच्या तशी बसून राहते. सामायिक भिंतीची माझी चूक अशीच होती. शहराबाहेरच्या विमानतळाचं तापमान सगळ्या शहराला लावणं हीसुद्धा तशीच, रात्री शहराचा मधला भाग दोन-तीन डिग्रींनी गरम असू शकतो आणि मॉडेल बिचारं बाहेरच्या थंडीत हिशोब करत राहतं.

प्रश्न : डिग्री-डेसाठी ठरलेली पातळी ब्रिटनमध्ये १५.५ डिग्री घेतात, अमेरिकेत १८.३. थर्मोस्टॅट (घरातलं तापमान ठरवणारं बटण) तर २० वर असतो. मग खरं काय धरायचं?

१८.३ म्हणजे ६५ फॅरनहाइट, त्यात गूढ काही नाही. पातळी थर्मोस्टॅटपेक्षा खाली घेतात कारण वरच्या काही डिग्र्या ती फुकटची भर सांभाळते, ऊन-माणसं-उपकरणं. पण ती भर किती डिग्री सांभाळेल हे घर किती गळतं यावर ठरतं. गळक्या घरात दोन-तीन डिग्री, चांगल्या इन्सुलेशनच्या घरात सात-आठसुद्धा, म्हणजे तिथे बाहेर १२ डिग्री होईपर्यंत हीटिंग सुरूच होत नाही. सगळ्या शहराला एकच पातळी लावली की सब घोडे बारा टक्के, आणि नव्या घरांवर अन्याय होतो, ती आहेत त्यापेक्षा वाईट दिसतात. जमलं तर महिन्याचं ताळेबंदासारखं गणित करा, गळती एका बाजूला आणि भर दुसऱ्या बाजूला. आयएसओचं १३७९० नावाचं मानक त्यासाठीच होतं, २०१७ मध्ये त्याची जागा ५२०१६ ने घेतली, आणि त्यात तासाची पद्धतही आहे.

प्रश्न : ताई, मी मास्टर्सचा प्रोजेक्ट म्हणून एका उपनगराचं मॉडेल केलं. गॅसच्या वापराशी ताडून बघितलं तर जुन्या घरांचा माझा आकडा ४० टक्के जास्त येतोय, नव्या घरांचा थोडा कमी. कोड चार वेळा तपासला. गाइड म्हणतायत की एका फॅक्टरने गुणून टाक. टाकू का?

नका टाकू. निदान काय गुणताय ते कळेपर्यंत तरी नका. तुमचा कोड बहुतेक बरोबर आहे, आणि तुम्हाला जे दिसतंय ते बऱ्याच लोकांना दिसलंय. केंब्रिजच्या मिन्ना सुनिक्का-ब्लँक आणि रे गॅल्विन यांनी २०१२ मध्ये जर्मनीतल्या सुमारे ३,४०० घरांचा डेटा मांडला, हिशोबाने जेवढी ऊर्जा लागायला हवी त्यापेक्षा लोक सरासरी ३० टक्के कमी वापरत होते, आणि घर जितकं गळकं तितकी ही तफावत मोठी. याला त्यांनी प्रीबाउंड हे नाव दिलं. फार चांगल्या घरांमध्ये उलट, वापर हिशोबापेक्षा जास्त, तुमच्या नव्या घरांसारखंच.

कारण घरात शिरलं की कळतं. मॉडेल म्हणतं सगळ्या खोल्या, सगळा हिवाळा, २० डिग्री. गळक्या घरातला माणूस असं करेल का? बिल बघून तो एकच खोली गरम करतो, झोपायच्या खोलीचा रेडिएटर बंद ठेवतो, स्वेटर घालून बसतो, दिवसा घर सोडून जाताना सगळं बंद करतो. सगळ्या घराची सरासरी काढली तर १६-१७ डिग्रीच भरते. आता हे तीन-चार डिग्री म्हणजे किती ते बघा, हिवाळाभर आत-बाहेरचा सरासरी फरक १४ डिग्री असेल तर आतली एक डिग्री कमी म्हणजे गळती साधारण ७ टक्क्यांनी कमी. तीन डिग्रीत वीस टक्के गेले. फुकटची भर तेवढीच राहते, म्हणून हीटिंग त्याहूनही जास्त घटतं. शिवाय तक्त्यातल्या जुन्या भिंतींची यू-व्हॅल्यूसुद्धा जरा फुगवलेली असते, प्रत्यक्ष मोजल्यावर भरीव विटांच्या भिंती तक्त्यातल्यापेक्षा बऱ्या निघाल्या, ब्रिटनमध्ये त्यावरून अधिकृत हिशोबातला २.१ हा आकडा खाली आणून १.७ केला. म्हणजे दोन वेगळी कारणं, एक भिंतीचं आणि एक माणसाचं, आणि तुमचा एकच फॅक्टर दोन्हींना झाकून टाकणार.

झाकलं तर बिघडतं कुठे, असं गाइड विचारतील, आणि या वर्षीच्या वापराची बेरीज एवढंच हवं असेल तर खरंच फारसं बिघडत नाही. पण अशी मॉडेलं करतात ती बहुतेक वेळा इन्सुलेशन लावलं तर किती वाचेल हे सांगायला. एक काल्पनिक घर घ्या. मॉडेल म्हणतं चौरस मीटरला वर्षाला ३०० युनिट, इन्सुलेशननंतर १००, वाचले २००. प्रत्यक्षात वापर होता १९०, कारण घरातले लोक थंडी सोसत होते, आणि इन्सुलेशननंतर घर पहिल्यांदाच नीट ऊबदार होतंय म्हटल्यावर सगळ्या खोल्या उघडल्या, वापर ११०. वाचले ८०. ज्याने २०० च्या भरवशावर कर्ज काढलं त्याचं काय? आणि मला राहून राहून वाटतं की त्या ८० मध्ये एक मोठी गोष्ट मोजलीच जात नाही, माणसं गारठायची थांबली. ते युनिटमध्ये लिहायची सोय नाही.

तर तुम्ही असं करा. आतलं तापमान एकच न धरता घराच्या गळकेपणाप्रमाणे बदलतं ठेवा, भिंतींची यू-व्हॅल्यू एका आकड्याऐवजी पट्ट्यात द्या, आणि दोन्ही मिळून गॅसच्या आकड्यांशी जुळवा. याला कॅलिब्रेशन म्हणतात, बेजच्या (संभाव्यतेच्या गणिताच्या) पद्धतीने केलंत तर कुठल्या आकड्याबद्दल किती खात्री आहे तेही निघतं. आणि गॅसच्या आकड्यातून अंघोळीचं पाणी आणि स्वयंपाक वजा केलाय ना? उन्हाळ्यातला वापर बघा, हीटिंग बंद असताना जो उरतो तो साधारण तोच. बॉयलरची कार्यक्षमताही विसरू नका, मीटर मोजतो गॅस, तुमचं मॉडेल मोजतं उष्णता. गाइडना हे पान दाखवलंत तरी चालेल, माझं नाव सांगू नका म्हणजे झालं.

प्रश्न : एवढी भौतिकशास्त्राची मारामारी कशाला? स्मार्ट मीटरचा डेटा घ्या, मशीन लर्निंगला द्या, विषय संपला. (डेटा सायंटिस्ट)

विषय अर्धा संपतो. पुढच्या आठवड्यात थंडी पडली तर शहर किती गॅस ओढेल, यासाठी तुमची पद्धत माझ्यापेक्षा सरस आहे, मान्य. पण जे झालेलंच नाही ते डेटात नसतं. 'या आळीतल्या सगळ्या घरांना हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर आत ओढणारं यंत्र) आणि इन्सुलेशन दिलं तर' याचं उत्तर जुन्या मीटरमध्ये कुठून येणार? तुम्ही म्हणाल की ज्यांनी आधीच इन्सुलेशन केलंय त्यांच्यावरून शिकू, तर तिथे मेख आहे, पैसा हातात असलेलेच आधी इन्सुलेशन करतात आणि तेच घरही जास्त गरम ठेवतात, मग तुमचं मॉडेल शिकतं की इन्सुलेशनने फार काही वाचत नाही. शिवाय घराघराचा मीटर सहसा हातात मिळतच नाही, मिळतो तो पोस्टल कोडप्रमाणे एकत्र केलेला आकडा, आणि ते योग्यच आहे, कोण कधी घरी नसतं हे मीटरवरून सहज कळतं. हल्ली लोक दोन्ही जोडतात, गळतीचं गणित भौतिकशास्त्राचं आणि माणसांचं वागणं डेटावरून. मला तोच रस्ता पटतो.

प्रश्न : आमच्या ऑफिसला एका वसाहतीसाठी डिस्ट्रिक्ट हीटिंगचे (एका ठिकाणी तापवलेलं पाणी घराघरांत नेऊन ऊब देण्याचे) पाइप ठरवायचेत. वर्षाची एकूण मागणी मॉडेलमधून मिळाली. तीच वापरून साइज काढू का?

नको नको. वर्षाच्या बेरजेवरून इंधन ठरतं, पाइप ठरतो सगळ्यात थंड दिवसाच्या सगळ्यात वाईट तासावरून. तो काढायला तासाचं मॉडेल लागतं, आणि तिथे एक खोडी हमखास होते. नमुन्यातल्या सगळ्या घरांना एकच शेड्यूल दिलेलं असतं, सकाळी ६ ला थर्मोस्टॅट वर. मग मॉडेलात वीस हजार घरं ६ वाजून शून्य मिनिटांनी एकदम जागी होतात, भलामोठा सुळका उभा राहतो आणि त्यासाठी कुणीतरी दुप्पट जाडीचा पाइप मागवतं. खऱ्या वसाहतीत कुणी पाचला उठतं कुणी आठला, कुणी रात्रपाळीवरून येऊन झोपतं. शेड्यूलं विखरून द्या, सुळका बराच खाली बसेल. उलट बाजूही सांगते, खूप विखरू नका, कडाक्याच्या थंडीत सगळ्यांची हीटिंग दिवसभर चालूच असतात आणि तेव्हा विखुरलेपणाचा फायदा कमी होतो.

डेन्मार्कने १९७९ मध्येच उष्णतापुरवठ्याचा कायदा करून कुठल्या भागात पाइप आणि कुठे दुसरी सोय हे नकाशावर ठरवायला घेतलं, आज तिथली दोन-तृतीयांशाच्या आसपास घरं डिस्ट्रिक्ट हीटिंगवर आहेत. जर्मनीत असा कायदा १ जानेवारी २०२४ पासून आलाय, एक लाखावर वस्तीच्या शहरांना आराखड्यासाठी जून २०२६ अखेरची मुदत दिली आणि बाकीच्यांना जून २०२८ अखेरची. म्हणजे तुमच्यासारखे प्रश्न आता पुष्कळ ऑफिसांत पडतायत.

प्रश्न : कुठलं सॉफ्टवेअर शिकू?

फुकट आणि मोकळं हवं असेल तर सिटी एनर्जी अ‍ॅनालिस्ट, झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातून आलंय. एकेका इमारतीच्या खोलात जायचं तर एनर्जीप्लस. पण आधी एका घराचं गणित एक्सेलमध्ये हाताने करा, खरंच.

प्रश्न : ताई, मी निवृत्त माणूस, मुलाकडे राहतो. इथल्या नगरपालिकेने शहराचा उष्णतेचा नकाशा काढलाय, त्यात मुलाचं घर लालभडक दाखवलंय. पाच वर्षांपूर्वी त्याने भिंतींना इन्सुलेशन केलं, खिडक्याही बदलल्या, मी स्वतः उभा राहून काम करून घेतलं. हा नकाशा खोटा म्हणायचा का?

काका, वर त्या जीआयएसवाल्यांना चिठ्ठ्यांचं सांगितलं ना, तुमच्या घराची चिठ्ठी निघाली नाही एवढंच. तो लाल रंग तुमच्या काळातल्या, तुमच्या प्रकारच्या घरांचा आहे, मुलाच्या घराचा नाही. आळीसाठी तो नकाशा बहुधा ठीक असेल, एका घरासाठी त्याच्याकडे बघूच नका. खरं तर असे नकाशे घराघराच्या रंगात छापूच नयेत असं माझं मत आहे, चौकोन पाडून शंभर मीटरच्या तुकड्याला एक रंग द्यावा, पण घराघराचा नकाशा दिसायला भारी दिसतो ना.

तुमच्याकडे वेळ आहे आणि हात चालतोय तर मुलाच्या घराचा खरा आकडा तुम्हीच काढू शकता. या हिवाळ्यात दर रविवारी त्याच वेळेला गॅसचा मीटर वाचून वहीत लिहा, शेजारी त्या आठवड्याचं बाहेरचं सरासरी तापमान. मीटर घनमीटरमध्ये असेल तर युनिटमध्ये बदलायचा आकडा बिलावर असतो. मार्च संपला की आलेखाच्या कागदावर ठिपके मांडा, आडवं तापमान, उभा दिवसाचा वापर. ठिपके एका तिरक्या रेषेत बसतील आणि गरम दिवसांत आडवे होतील. तो आडवा भाग म्हणजे अंघोळ आणि स्वयंपाक, आणि तिरक्या रेषेचा उतार म्हणजे घराची गळती. समजा बाहेर एक डिग्री थंडी वाढली की दिवसाला ६ युनिट जास्त लागतात, तर ६००० भागिले २४, २५० वॅट प्रति डिग्री, बॉयलरचे दहाएक टक्के कमी करा, २२५. इन्सुलेशनच्या आधीची बिलं मुलाने ठेवली असतील तर तीही मांडा, दोन रेषा दिसतील. महिन्याची बिलं असली तरी चालतात, ठिपके जरा कमी पडतील. वहीचा फोटो पाठवा, पुढच्या हिवाळ्याच्या अंकात तुमच्या परवानगीने छापू.